माझा न झालेला साखरपुडा

आमच्या पप्पांना खोटं बोलता येत नसे. हे मी कौतुकाने सांगत नाही. ज्या घरात असा माणूस असतो त्या घरातल्या बायकांना विचारा, म्हणजे कळेल. दारात वर्गणीवाले उभे आहेत, आई आतून हाताने खुणा करते आहे की सांगा घरात कोणी नाही, आणि पप्पा त्यांना म्हणताहेत, "आहेत सगळे घरात, पण द्यायची की नाही यावर आमचं एकमत होत नाहीये, तुम्ही जरा बसा." लग्नाच्या पंगतीत भाजी खारट झाली की यजमान मुद्दाम पप्पांच्या पानापासून लांबून जायचे, कारण बाकीचे "वा, वा" म्हणायचे आणि हे खरं सांगायचे. आईने उभ्या आयुष्यात त्यांना "मी या साडीत कशी दिसते" असं विचारलं नाही. ती शहाणी होती.

पप्पा एका सरकारी ऑफिसात कालव्यांचे नकाशे काढत. नाशिक रोडला सरकारी वसाहतीत तळमजल्यावर दोन खोल्या आणि पुढे जाळीचा व्हरांडा एवढं घर आम्हाला ऑफिसकडून मिळालं होतं. नोकरी गेली की घरही गेलं, हे मला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं होतं. आई ते रोज एकदा तरी म्हणायची. दूध उतू गेलं तरी म्हणायची. सकाळी पप्पा मांडीशी पेटी घेऊन भजनाला बसत. आवाज मोठा, सूर बेताचा. भिंतीपलीकडे निकम काकूंचा रेडिओ लागायचा, त्यांची भक्तिगीतं असायची. पप्पांनी आवाज चढवला की काकू रेडिओचं बटण पिळायच्या, काकूंनी बटण पिळलं की पप्पा भाता जोरात हलवायचे. मधल्या भिंतीला पाठ लावून मी अभ्यास करत असे. दोन देवांच्या मधोमध बसून मी भूमिती शिकले, आणि त्या भूमितीत मार्क का कमी पडले हे मला कोणी विचारू नये.

निकम काकू देवळ्याकडच्या. माहेरी कांद्याची शेती, त्यामुळे वर्षातून दोनदा त्यांचा भाऊ टेम्पोने पोती आणून टाकायचा आणि त्यातलं एक पोतं आमच्या व्हरांड्यात यायचं, विचारायची सोयच नव्हती. नवरा फिरतीच्या नोकरीवर, मुलं नव्हती, तेव्हा काकूंचं अर्धं घर आमच्याकडेच असे. पप्पांचा एक नियम होता: पूजेचा प्रसाद घ्यायचा नाही. भांडण नाही, टीका नाही, फक्त घ्यायचा नाही. दुसरी एखादी बाई रागावली असती. काकूंनी त्यावर तोड काढली होती. सत्यनारायणाचा शिरा झाला की पूजेच्या आधीच एक वाटी अंगणाच्या भिंतीवरून यायची. "शांताताई, हा अजून देवापुढं ठेवलेला नाय. आत्ता गरम हाय तोवर पोरीला द्या. साळवे भाऊंनी विचारलं तर खरं सांगा, तुमच्या नियमात बसतंय." अशा रीतीने मी त्यांच्या देवाच्याही आधी शिरा खाल्ला आहे. धर्म टिकवण्याबद्दल मोठमोठी भाषणं मी पुढे ऐकली. त्या वाटीची सर कुठल्याही भाषणाला नाही, पण ते असो.

आता हंगामाचा सण सांगायला हवा, कारण आमच्यात नसलेल्या माणसाला तो माहीत नसतो. दिवाळीनंतर, खरिपाचं पीक घरात आलं की, एका रविवारी मंडळीतले सगळे आपापल्या घरचं काहीतरी देवळात घेऊन येतात. मंडळी म्हणजे आमचा चर्चचा समाज, आणि चर्चला आम्ही जुनी माणसं देऊळच म्हणतो. शेतकरी असेल त्याने धान्य, कोंबडी असेल त्याने अंडी, आणि शहरातल्या पगारदारांनी लोणच्याच्या बरण्या आणि केक. वेदीपुढे ढीग लागतो, उपासना होते, आणि मग अंगणात त्या सगळ्याचा लिलाव. या लिलावात माणसं वेडी होतात. एक नारळ कोणीतरी चढ्या बोलीने घेतो, लगेच परत देतो, पुन्हा बोली लागते, असा तो नारळ दहा घरं फिरून येतो. वर्षभरात भाव न करता काही विकत घेण्याची ही एवढीच संधी, म्हणून आमच्या आईसारख्या बायकाही त्या दिवशी सुटायच्या.

पेठच्या बाजूला डोंगरात आमच्या मंडळीची काही घरं होती. रविवारची पहिली एस.टी. पकडली तरी ती माणसं उपासना संपल्यावर पोहोचत, म्हणून ती शनिवारीच येत आणि आमच्याकडे मुक्काम करत. माणसं आमच्याकडे, म्हणून त्यांची पोतीही आमच्याकडे, आणि मग शहरातल्यांनीही आपल्या जिनसा आमच्याच व्हरांड्यात आणून टाकायला सुरुवात केली. देवळाला उंदीर होते, आमच्याकडे आई होती. ती सात-आठ माणसं आणि त्यांच्यात ठरलेली मंजीबाई भोये. काळी, काटक, मोठ्या आवाजाची. येताना नागली, म्हणजे नाचणी, आणि कोंबड्या आणायची आणि माझ्यासाठी वेगळ्या फडक्यात भाजलेले उडीद. आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घ्यायची. आईने केलेल्या भाकरीकडे बघून म्हणायची, "बाई, ही भाकर हाय का पापड?" मग स्वतः परात घेऊन नागलीच्या जाड भाकरी थापायची. भाकरी चुलीवर नसूनही घरभर चुलीचा वास यायचा. मला त्या दिवशी माझी खाट मिळायची नाही, ती मंजीबाईच्या म्हाताऱ्या सासूला जायची. मी कुरकुर करत असे. तशी मी सगळ्यावरच कुरकुर करत असे.

तेव्हा मी कॉलेजात होते. कॉलेजात मी कोण हे मी सांगत नसे आणि लपवतही नसे. नाव करुणा, आडनाव साळवे, त्यावरून लोक आपापला अंदाज करत आणि मी तो मोडायला जात नसे. वेळ कोणाला होता? त्या वर्षी मात्र हवा जरा वेगळी होती. डोंगरापलीकडे कुठे कुठे प्रार्थनेच्या झोपड्या पाडल्याच्या बातम्या होत्या, आणि वसाहतीच्या चौकात पोरं उभी राहून आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे टक लावून बघू लागली होती. आई म्हणाली, "अहो, या वर्षी पेठच्या लोकांना परस्पर देवळातच उतरवा." पप्पा म्हणाले, "म्हाताऱ्या बाईला फरशीवर झोपवायचं?" विषय संपला.

शनिवारी दुपारी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. मी जुना पंजाबी ड्रेस घालून कांद्याची सैल टरफलं काढत होते. हे कांदे म्हणजे निकम काकूंकडून आलेलंच पोतं. आमच्याकडे द्यायला शेत नाही, तेव्हा आईने ते सणाला द्यायचं ठरवलं होतं. काकूंना विचारलं नव्हतं. मंजीबाई नागली पाखडत होती. फाटक वाजलं आणि पंधरा-वीस पोरं आत आली. बरीचशी ओळखीची. पुढे राजू होता, चौकातल्या गॅरेजवाल्याचा मुलगा, दर नाताळात आमच्या करंज्या खाऊन मोठा झालेला. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या शेजारी एक पांढऱ्या शर्टातला, अनोळखी, चाळिशीचा माणूस होता. बोलणार तो होता हे लगेच कळलं.

"ही माणसं कुठून आणलीत?"

"आणली नाहीत, आलीत," पप्पा म्हणाले. "पेठकडची आहेत. उन्हात का उभे? बसा, चहा टाकायला सांगतो."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कोणाचाही चहा नासला असता.

"चहा नको. हे धान्य, हे कांदे, या कोंबड्या कशाला जमवल्यात? वाटायला ना? गरीब आदिवासी बघायचा, पोतं दाखवायचं आणि बाटवायचा. आम्हाला कळत नाही असं वाटतं का?"

मंजीबाईने सूप खाली ठेवलं. "कोण वाटतंय? माझी नागली हाय ती. मी आनली."

"तू गप बस, तुला शिकवून ठेवलंय."

आवाज वाढले तशा निकम काकू बाहेर आल्या. हाताला पीठ, पदर खोचलेला. फाटकात उभ्या राहून त्यांनी एकदा सगळा देखावा पाहिला. काकूंचं डोकं भराभर चालायचं. "काय रे राजू, काय तमाशा लावलाय? उद्या पोरीचा साखरपुडा हाय! पाव्हणे येणार नाय तर काय कावळे येणार?"

मी हातातला कांदा घेऊन बसले होते ती तशीच.

राजूच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं आलं. "करुणाचा? कोणाशी?"

"तुला काय करायचंय कोणाशी? तुझ्याशी नाय, एवढं नक्की."

मागची पोरं हसली. एकाने "मग पेढे द्या की काकू" असं म्हटलंसुद्धा. मी खरं सांगते, त्या क्षणी सगळं मिटलं होतं. पोरांना घरी जायचं होतं, सामना चालू होता, टीव्हीवर. पांढऱ्या शर्टालाही ते कळलं. तो पप्पांकडे वळला. "असं आहे का, साळवे?"

नुसतं "हं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. आई दारात ओगराळं धरून उभी होती आणि तिचे ओठ "हो म्हणा, हो म्हणा" असे हलत होते. पप्पांनी घसा साफ केला. तो घसा साफ होताना ऐकूनच मी ओळखलं, आता खरं येणार.

"निकम वहिनींनी आमच्या काळजीपोटी सांगितलं," ते म्हणाले. "साखरपुडा नाही. उद्या आमच्या मंडळीचा हंगामाचा सण आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत, हे पाहुणेही आहेत. आणि यातलं काही कोणाला वाटायचं नाहीये. ज्याने त्याने आपलं देवाला द्यायला आणलंय." एवढ्यावर थांबावं ना? पण अर्धवट खरं सांगणं म्हणजेही त्यांच्या लेखी खोटंच. "हे कांदेसुद्धा वहिनींच्याच भावाच्या मळ्यातले आहेत."

"अहो!" आई ओरडली.

काकूंनी पोत्याकडे पाहिलं. मग आईकडे. "माझे कांदे? तुमच्या देवळात?" त्या मागे वळल्या, घरात गेल्या आणि कडी लावली. पुढे जे झालं त्यापेक्षा त्या कडीचा आवाज मला जास्त लक्षात आहे.

पुढे काय व्हायचं ते झालं. पोतं फाडलं, कांदे पार फाटकापर्यंत घरंगळले. बरण्या फुटल्या. कोणीतरी पप्पांची कॉलर धरली. नागलीचं पोतं उपडं केलं, आणि मंजीबाई त्या पायांच्या गर्दीत बसून धुळीतली नागली पदरात भरत राहिली. कोणी तिला ढकललं की थोडी सरकायची आणि पुन्हा भरायची. राजू बाजूला उभा होता. त्याने हात लावला नाही, अडवलंही नाही. मग गांगुर्डे हवालदार दोन शिपाई घेऊन आले आणि जीपमधून आम्हाला आणि मागाहून हातगाडीवर आमच्या सणाला चौकीवर नेलं. कांदे, नागली, दोन कोंबड्या, एक कोंबडा, एक वाचलेली लोणच्याची बरणी. सगळा मुद्देमाल.

लोक छळाच्या गोष्टी सांगतात तेव्हा त्यात मोठं काहीतरी असतं असं ऐकणाऱ्याला वाटतं. आमच्या वाट्याला लाकडी बाक आला, पंखा बंद होता, आणि आईला सारखी घरी राहिलेल्या गॅसची आठवण येत होती. कोणी वाईट बोललं नाही. उलट सगळे मदतच करत होते, आणि तेच जड होतं. आमच्या मंडळीच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी गायकवाड सर स्कूटरवरून धावत आले आणि पप्पांना कोपऱ्यात घेऊन कुजबुजले, "साळवे, शेजारीण स्वतः पोरांसमोर साखरपुडा म्हणाली. इन्स्पेक्टर मानायला तयार आहेत. तुम्हाला फक्त गप्प राहायचंय. केस झाली तर सस्पेन्शन आहे, माहीत आहे ना? क्वार्टर जाईल."

"मी एकदा सांगितलंय, सर."

"मग घाबरून चुकीचं बोललो म्हणा!"

"पण मी घाबरलो नव्हतो."

सरांनी कपाळावर हात मारला. आईने तर त्यांच्याकडे पाठच केली होती. मला पप्पांचा इतका राग आला होता की मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. पप्पांना देव होता. आईला फक्त दोन खोल्या होत्या, आणि त्याही पप्पा उधळून टाकत होते. माझं मन तयार झालं होतं. विचारलं तर मी "हो, साखरपुडा" म्हणणार होते.

आणि विचारलंच. इन्स्पेक्टर साहेब दमलेले, डोळे लाल झालेले गृहस्थ होते. त्यांनी मला समोर बसवलं. "हे बघ बाळ, तुझे वडील एक म्हणतात, शेजारीण पोरांना एक म्हणाली. तू शिकलेली आहेस. साखरपुडा होता, असं तू सांगितलंस की मी पोरांना दम देऊन घालवतो आणि तुम्ही घरी. मुलाचं नाव नंतर सांग, आत्ता नको." पेन उघडलं. "आणि ही डोंगरातली माणसं... ती कामाला बोलावली असतील. मांडव, भांडी, उष्टं-खरकटं. तसं लिहितो. म्हणजे सगळं बसतं."

खरंच, सगळं बसत होतं. मी मागे पाहिलं. मंजीबाई जमिनीवर बसली होती, बाक रिकामा असूनही, कारण चौकीत बाकावर बसायची तिला सवय नव्हती. पदरात ती नागली. तिच्यातून एकेक खडा काढून ती बाजूला टाकत होती. मला काही शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, वचन आठवलं नाही. प्रभूचा चेहराबिहरा दिसला नाही. नंतर मंडळीत लोकांनी माझ्या तोंडी तसं बरंच घातलं, म्हणून स्पष्ट सांगते. मला एवढंच वाटलं की ही बाई पहाटेची एस.टी. पकडून, स्वतःच्या शेतातलं धान्य डोक्यावर घेऊन आली, आमच्या आईच्या भाकरीला नावं ठेवून तिने स्वतः भाकरी थापल्या, आणि आता मी "हो" म्हटलं की ती सरकारी कागदावर आमची भांडी घासणारी होणार. आपली सुटका व्हावी म्हणून. माझं डोकं फिरलं.

"कामाला नाही आली," मी म्हणाले. "पाहुणी आहे."

"साखरपुड्याची ना?"

"साहेब, उद्या साखरपुडा असता तर आज मी या अवतारात कांदे सोलत बसले असते का? सण आहे आमचा. ती तिची नागली द्यायला आली. दर वर्षी येते. आम्ही ख्रिस्ती आहोत. मीसुद्धा. लिहा तसं."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं, परत काढलं. "बापावर गेलीस," ते म्हणाले. आयुष्यात मला कोणी इतकं लागेल असं बोललेलं नाही.

इथे एक खुलासा करते. आमच्या शास्त्रात एका शिष्याने गुरूला ओळख दाखवली नाही तेव्हा कोंबडा आरवल्याची गोष्ट आहे. चौकीत आमचा कोंबडा होता, त्यामुळे पुढच्याच रविवारी आमच्या चर्चच्या पाळकांनी संदेशात सांगून टाकलं की करुणाने साक्ष दिली आणि कोंबडा मात्र गप्प राहिला, पाहा देवाची योजना. देवाची योजना काही नाही. त्याचे पाय सुतळीने बांधले होते आणि तो उन्हाने मरगळला होता. अजूनही कुठल्या सभेत कोणीतरी मला तो कोंबडा सांगतं.

दिवेलागणीला आम्हाला सोडलं. मुद्देमाल ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी वेदीपुढे दोन केक आणि गायकवाड सरांच्या घरची पपई एवढंच होतं. पेठची माणसं हात रिकामे म्हणून देवळात पुढे यायला लाजत होती. मग मंजीबाई उठली, पदराची गाठ सोडली आणि ओंजळभर नागली केकशेजारी ठेवली. लिलावात ती कोणी घेतली ते मला आठवत नाही, मी आईला आवरण्यात गुंतले होते. सोमवारी गांगुर्डे हवालदार स्वतः घरी आले. "साळवे साहेब, तुमचा बाजार उचला. कोंबडीने ठाणे अंमलदाराच्या टेबलाखाली अंडं दिलंय. आता ते मुद्देमालात धरायचं की नाही यावर सकाळपासून चर्चा चालू आहे."

नोकरी गेली नाही. पण ऑफिसने खुलासा मागवला, पप्पांनी अर्थातच सविस्तर खुलासा दिला, आणि बढती कितीतरी वर्षं अडकून पडली. चौकशी चालू होती तोवर पप्पांना चौकीवर हजेरीसाठी जावं लागे. ते छत्री, डबा आणि शास्त्र घेऊन जायचे, जणू सहलीला निघालेत. शिपाई त्यांना आपल्या घराचे नकाशे काढून मागायचे आणि ते काढूनही द्यायचे. हे पाहून आई आणखी चिडायची. मला आजही त्या वर्षांचा राग येतो. परवा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने फोन केला, "मॅडम, रविवारी तुमच्याकडे बरीच माणसं होती, कोणीतरी विचारत होतं. मी बर्थडे म्हणून सांगू का?" चांगला माणूस आहे, मदतच करत होता. माझ्या लॅबमध्ये रिपोर्ट खोळंबले होते, वाद घालायला मला वेळ नव्हता, आणि तरी मी म्हणाले, "प्रार्थना होती, प्रार्थनाच सांगा." मग दिवसभर पप्पांवर चिडून होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

खरी शिक्षा मात्र निकम काकूंनी दिली. त्या बोलेनाशा झाल्या. आईने माफी मागितली, पप्पांनीही भिंतीशी उभं राहून मागितली. काकू वाळत घातलेले कपडे काढत राहिल्या. एकदाच बोलल्या, तेही आईला: "तुमच्यासाठी मी वीस माणसांत खोटं बोलले, शांताताई. तुमच्या माणसानं मला वीस माणसांत खोटी ठरवली. आणि वर माझेच कांदे!" त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. शिरा बंद झाला. करंज्या दिल्या तर ताट तसंच भिंतीवर ठेवलेलं सापडायचं. आणि सकाळचा रेडिओ बंद झाला. पप्पा पेटी काढत, दोन ओळी म्हणत, पलीकडून उत्तर येत नसे, मग त्यांचाही आवाज आपोआप खाली यायचा. शर्यतीला कोणी नसलं की माणूस धावत नाही.

पुढच्या वर्षी सण आला तेव्हा कमिटीने ठरवलं की मुक्काम आणि जिनसा देवळातच. पप्पा म्हणाले, देवळात उंदीर आहेत. आई म्हणाली, "असू द्या." दोन दिवस घरात अबोला. शेवटी शनिवारी सकाळी आईनेच उठून माझी खाट झटकली, म्हातारीसाठी. पेठहून त्या वर्षी मोजकी माणसं आली, बाकीचे घाबरले होते. मंजीबाई होतीच. व्हरांड्यात तिने सूप घेतलं, मी तिच्याशेजारी बसले आणि आम्ही दोघी फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवून फाटकाकडे बघत होतो.

फाटक वाजलं. निकम काकू होत्या. त्यांच्या कडेवर, मूल घ्यावं तसा, एक भलाथोरला लाल भोपळा. त्यांनी तो आईच्या पायाशी धप्पकन ठेवला.

"घ्या. माझ्या मागच्या अंगणातल्या वेलाचा हाय. मागच्या साली न विचारता नेलंत, म्हणून या साली मी माझ्या हातानं देते."

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि पप्पांकडे मान वळवली. "आणि भाऊ, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा, माझी ना नाय. तसंही तुम्ही सांगणारच!"

भोपळा लिलावात पप्पांनीच घेतला. गायकवाड सर दर वेळी बोली चढवत होते आणि आई पप्पांचा सदरा ओढत होती, पण त्यांनी सोडला नाही. आईने त्याचे घारगे केले आणि ताट भरून मला पलीकडे पाठवलं. काकूंनी एक घारगा उचलला, नाकापाशी नेला, थांबल्या.

"हे तुमच्या देवाला दाखवलेलं ना?"

"दिलेलं होतं काकू. मग लिलावात आम्हीच परत घेतलं."

"म्हणजे माझाच भोपळा माझ्याकडं आला, तुमच्या देवाकडनं." त्यांनी जरा विचार केला, मग मोठा घास घेतला. "आईला सांग, गूळ कमी पडलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी पेटी काढली, पहिली ओळ उचलली, आणि भिंतीपलीकडे रेडिओ लागला, पूर्वीपेक्षा मोठा. पप्पांनी भाता हलवला. काकूंनी बटण पिळलं. आईने पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "झालं यांचं सुरू."